अंबादासकाकांची ओढणारी गाडी

अंबादासकाका जुनी गाडी बघायला गेले की सगळ्यात आधी तिच्या मागच्या अंगाला एक सणसणीत थाप मारायचे. मग दोन पावलं मागं सरून, कमरेवर हात ठेवून, गाडी काय करते ते बघत उभे राहायचे. आता गाडी काय करणार? शेपूट थोडीच हलवणार! विकणारा माणूस आधी गाडीकडे बघायचा, मग काकांकडे, आणि शेवटी केविलवाण्या नजरेनं माझ्याकडे. मी आपली पर्स चाचपत आभाळाकडे बघायचे. काका मात्र गंभीर. "अंग थरथरलं नाय," ते म्हणायचे. "म्हंजे एकतर लई दमाची हाय, नायतर मेलेली हाय."

हे सगळं त्यांनी लहानपणी वडलांच्या मागं बैलबाजार हिंडताना उचललेलं. बालपण बैलांत गेलं आणि पुढचं आयुष्य वाळूजच्या एका कारखान्यात, लोखंड कापण्यात आणि जोडण्यात. बजाजनगरात आमच्या समोरचंच घर त्यांचं. स्वतःला मात्र चारचाकी चालवता येत नव्हती, स्कूटरच्या पुढं ते कधी गेलेच नाहीत. मी बायकांना मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे गाडी बघायला जाताना चालवायला माझी वर्णी लागली. ते मला मास्तरीणबाई म्हणत. "मास्तरीणबाई, तुम्ही चालवा, मी पारखतो." काका आता नाहीत. पण जुन्या गाड्यांच्या धंद्यातलं कुणीतरी अजून मला थांबवून विचारतं, "मॅडम, ते थाप मारणारे काका कुठं असतात हो?" मला आधी हसू येतं, आणि मग तिथंच रस्त्यावर डोळे पुसावे लागतात.

गाडी हवी होती ती डबा ओढायला. काका रिटायर झाले आणि त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशातल्या लोकांचा व्हिडिओ बघितला. मोटारीच्या मागं चाकांचं घर जोडून ते लोक देशभर हिंडत होते. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात, पण काकांच्या जिभेला ते नाव काही झेपेना. त्यांनी त्याला डबा म्हटलं, आणि गल्लीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर स्वतःच बांधायला घेतला. पत्रे आले, अँगल आले, कुठून तरी चाकं आली. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या. पापड वाळत घालायची पंचाईत झाली म्हणून गल्लीतल्या बायका कुरकुरायच्या, आणि संध्याकाळी त्याच डब्यात डोकावून यायच्या. "काका, याला म्हणतात वरातीमागून घोडं," मी म्हटलं. "ओढायला गाडी नाही आणि डबा आधी!" काकांनी चष्मा कपाळावर सारला. "अवं मास्तरीणबाई, वरात सजवून ठिवली ना, की घोडं आपुन होऊन येतंय."

डबा दिसायला झाला मात्र देखणा. आत एक गादीचा बाक, एका शेगडीचा ओटा, वर पाण्याची टाकी. पण गंमत अशी की अर्ध्याहून जास्त जागा संडासानंच खाल्लेली. बसायचा, पांढराशुभ्र, शेजारी हात धुवायचं बेसिन, खिडकीला जाळी, आतून चांगली भक्कम कडी. "काका, देश बघायला निघालात की नुसतं बसायला?" मी चेष्टा केली. "पोट साफ असलं तर देश साफ दिसतोय," काका म्हणाले. मी पोट धरधरून हसले. मग आत जाऊन बघते तर भिंतींना दोन्हीकडून धरायला मुठी बसवलेल्या, आणि त्या माझ्याही हाताच्या खाली. काका तर दारातून वाकून आत येणारे. इतक्या खालच्या मुठी हाताला बेताच्या होतील असं त्या घरात एकच माणूस होतं, कौसाकाकू. मग मला हसू आलं नाही.

कौसाकाकू म्हणजे काकांची बायको. बुटकी, बोलकी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय न सोडणारी. काही वर्षांपूर्वी तिचं एक ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तिला लघवी धरवेना. दर अर्ध्या तासानं जावंच लागायचं. त्यात गुडघे वाकत नाहीत, म्हणजे कुठं आडोशाला बसायचीही सोय नाही. एकदा एसटीत तिची फजिती झाली. साडी भिजली, आणि मागच्या सीटवरचं कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून काकूनं बजाजनगर सोडलं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, दार लावून, वर गळ्याची शपथ घालून. बाकी जगासाठी तिच्याकडे ठरलेली कारणं होती. "घर बंद ठिवून जायचं म्हंजे जिवावर येतं बाई." नाहीतर, "माझी तुळस वाळून जाईल."

माहेर तिचं कन्नडच्या पुढं, दोन तासांवर. म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. तिथं तिची आई, माई, एकटी राहायची, चार शेळ्या आणि एक अंगण घेऊन. मायलेकींचं रोज फोनवर तोंड बघून बोलणं व्हायचं. माई म्हणायची, "येऊन जा की गं एकदा." काकू म्हणायची, "येते, पुढच्या महिन्यात." मग काकू म्हणायची, "तूच ये की." माई म्हणायची, "शेरडं कुणाच्या जिवावर सोडू?" पुढचा महिना काही उगवत नव्हता आणि माई दिवसेंदिवस वाळत चालली होती. काकूच्या पोटात एकच भीती, की माई अशीच एक दिवस जाईल आणि आपण तिला फोनच्या काचेतूनच शेवटचं बघितलेलं असेल. फोन ठेवला की ती ओट्याशी उभी राहून भांडी घासायची. घासलेलीच भांडी.

काकांनी तिला या बाबतीत एका शब्दानं कधी छेडलं नाही. त्यांनी डबा बांधला आणि गल्लीला सांगितलं, "मला हिंडायचंय. म्हातारपणाचा नाद हाय." काकू त्यावर, "यांना भिकेचे डोहाळे लागलेत," म्हणून कपाळाला हात लावायची. दोघांना सगळं ठाऊक, आणि दोघंही एकमेकांना कळू देत नव्हते. अशी जोडपी आपल्याकडे घरोघर सापडतील.

तर आम्ही गाड्या बघायला निघालो. पहिली गाठ जालना रोडवरच्या एका चकचकीत दुकानात, टाय लावलेल्या एका हसतमुख माणसाशी.

"सर, एकदम फॅमिली कार. एकाच हातची. आणि वर सनरूफ आहे."

काकांनी मान वर करून बघितलं. "छपराला भोक पाडलंय व्हय? पावसाळ्यात गळल की."

"नाही सर, काच आहे. उघडते. त्यातून बाहेर बघता येतं."

"मंग खिडक्या कशापायी दिल्यात?"

टायवाला माझ्याकडे बघून हसला. मी पुन्हा आभाळाकडे. काकांनी थाप मारली, दोन पावलं मागं सरले, आणि तो प्रश्न टाकला जो पुढं शहरभर गाजला. "ओढती का?" पिकअप मस्त आहे सर, एसी मस्त आहे सर, असं तो सांगत राहिला आणि काका मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी त्याला सगळा डबा हातवारे करून समजावला. संडासासकट. तो टाय सैल करत म्हणाला, "सर, ही गाडी लोक मॉलला जायला घेतात." "मंग मॉललाच धाडा तिला," काका म्हणाले आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "ध्यानात ठिवा मास्तरीणबाई. मिरवणारं जनावर येगळं, ओढणारं येगळं. मिरवणाऱ्याच्या शिंगाला रंग लई असतोय."

मग सिडकोतल्या एका प्राध्यापकांची गाडी ठरली बघायची. प्राध्यापक रिटायर झालेले, गाडी जिवापाड जपलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. काकांनी त्यांना गाडी घेऊन गल्लीतच बोलावलं, कारण त्यांना कस लावायचा होता. बैल घेताना म्हणे लोक बैलगाडीची चाकं बांधून टाकतात आणि मग बैलाला ती गाडी ओढायला लावतात. गुडघ्यावर येऊन जो ओढतो तो खरा. काकांनी डब्याची चाकं साखळीनं बांधली, चांगला मनगटाएवढा नाडा आणला आणि तो प्राध्यापकांच्या गाडीला मागून बांधला.

"काका, तो बंपर आहे," मी म्हटलं. "प्लास्टिकचा असतो."

"काय होत नाय. हाणा!"

मी हाणली. गाडी गुरगुरली, जराशी दबली, कडाड असा आवाज झाला आणि एकदम अशी हलकी झाली की मी आनंदानं किंचाळले, "ओढला! काका, ओढला!" कोपऱ्यापर्यंत तशीच गेले. मग आरशात बघितलं. डबा जिथल्या तिथं. त्याच्या पुढं नाड्याला बांधलेला बंपर पडलेला, आणि बंपरच्या शेजारी प्राध्यापक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे. काकांनी बंपर उचलला, वाकवून बघितला, परत सोडला. "सर," ते कळवळून म्हणाले, "ह्यो तर खरवस हाय!"

काका माणूस असा, की दुसऱ्याचं नुकसान करून घरी जेवणार नाहीत. त्यांनी तिथल्या तिथं आतून लोखंडी पट्टी मारून तो बंपर असा जोडला की पुन्हा जन्मात निघणार नाही. तोवर काकूनं प्राध्यापकांना थालीपीठ आणि लोणी खायला घातलं. दुसऱ्या थालीपिठाला प्राध्यापक शांत झाले आणि तिसऱ्याला त्यांनी गाडी विकायचा बेतच रद्द केला. "मागची बाजू आता इतकी भक्कम झाली आहे," ते म्हणाले, "की मला ती द्यावीशीच वाटत नाही."

नाडा बाद झाला. आता गाडीला मागून पक्का हूक आणि त्यात डब्याचा दांडा अडकवायचा, असं ठरलं. मुकुंदवाडीहून एक जण सात माणसांची गाडी दाखवायला घेऊन आला. ओळखीच्या चार जणांनी डबा ढकलत पुढं आणला, "अजून, अजून, हां, बस!" आणि दांडा जाऊन टेकला कुठं, तर गाडीच्या मागच्या काचेला. हूक पार खाली, आणि दांडा वर.

"काका," मी हळूच विचारलं, "हा दांडा एवढा उंच कसा घेतला?"

"उंच कुठं? बराबर हाय की." ते पुढं आले, हात उचलून त्यांनी दांड्याच्या टोकावर ठेवला. सहज, न बघता. "हे बघा, हाताला येतोय." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. शेजारचे एक म्हातारबुवा खुर्चीवरून म्हणाले, "अंबादास, अरे हे तर जू झालं!" खरंच होतं ते. बैलाच्या मानेवर जू ठेवायची जी उंची, तेवढ्यावर काकांनी दांडा जोडला होता. कारखान्यात सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेणारा माणूस, पण घरच्या डब्याला त्यांनी टेप लावलाच नव्हता. हातानं माप घेतलं, आणि हाताला अजून बैल आठवत होते.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? दांडा कापून खाली जोडेल. तासा-दोन तासांचं काम. पण काकांचा अभिमान आडवा आला ना! "माझा जॉब आजवर कधी रिजेक्ट झाला नाय," ते म्हणाले. "डबा बराबर हाय. गाड्याच ठेंगण्या निघायला लागल्यात आजकाल." झालं! आता आम्ही दांड्याच्या मापाची गाडी शोधायला लागलो. काकांनी दांड्याएवढी एक काठी कापली आणि ती घेऊन ते शहरभर हिंडले. दिसली उंच गाडी की लाव काठी. क्रांती चौकात सिग्नलला स्कूटरवरून उतरून त्यांनी एका अनोळखी माणसाच्या गाडीला काठी लावली, तेव्हा आतल्या बाईनं घाबरून काच वर केली. "काका, लोक मारतील एक दिवस," मी म्हटलं. "मारू द्या," ते म्हणाले, "पर माप तर कळंल."

अशातच शहागंजातल्या सलीमचाचांचा पत्ता लागला. चाचांचं कापडाचं दुकान, आणि दुकानामागं त्यांची घरची जुनी जीप. सगळं खानदान घेऊन लग्नांना आणि उरुसाला जाणारी, लोखंडी अंगाची, नऊ माणसं गिळूनही ढेकर न देणारी. काकांचे डोळे चमकले. त्यांनी पुढं होऊन थाप मारली. चाचा दुकानातून ओरडतच आले.

"अरे काका! थप्पड कायकू मारते? गाडी कुछ बिगाडी क्या तुम्हारा?"

"जनावर बघतोय. बैल असाच बघत्यात."

"बैल?" चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "हमारे दादा के टांगे चलते थे शहागंज में. जानवर को मारके नईं देखते. उसके कान में बात करते." आणि खरंच, त्या पांढऱ्या दाढीच्या माणसानं वाकून जीपच्या आरशाशी तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटलं. काका कुठले मागं हटतात! त्यांनी मागून पुन्हा थाप मारली. "काय म्हणली?" त्यांनी विचारलं. चाचा गंभीरपणे म्हणाले, "बोली, ये आदमी चलेगा." देवा! एक म्हातारा शेपटाकडे, एक कानाकडे, आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून ओढणी तोंडात कोंबून हसतेय. मग मी जीप चालवून बघितली. पहिल्या गियरला अशी रेटा देऊन निघाली की मला आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. हीच ती, असं मी मनात म्हटलं.

काकांनी चाचांना डबा समजावला आणि काठी लावली. वीतभर कमी.

"टायर मोठी टाकू," काका म्हणाले. "खालून स्प्रिंगचे पाटे चढवू. जमतंय."

"काका, ये गाडी है, ऊंट नईं," चाचा म्हणाले. "वीतभर के वास्ते इतना कायकू? डब्बे का दांडा काट लो ना!"

बस, ठिणगी पडली. काकांनी काठी उचलली. "चला मास्तरीणबाई. हितं माणसाला किंमत नाय." मला मागं बसवून त्यांनी स्कूटर तडक बजाजनगरकडे हाणली. मलाही राग आला होता. अहो, सगळ्या बाजूंनी पास झालेली गाडी एका वितेसाठी सोडून द्यायची म्हणजे काय!

घरी आलो तर काकू दारातच उभी. डोळे सुजलेले. सकाळी माई अंगणात पडली होती, पाय मुरगळला होता, आणि शेजारणीनं फोन करून ते कळवलं होतं. हे काकांना ठाऊक नव्हतं. ते खाटेवर बसले, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "गाडी मिळंना. उंच गाडीच ऱ्हायली नाय जगात."

"दांडा कापा," काकू म्हणाली.

"काय?"

"दांडा कापा म्हणते. मला माईकडं जायचंय." आवाज चढला होता. दार उघडं, समोरच्या ओट्यावर बायका धान्य निवडत बसलेल्या, पण काकूला आज कशाचं काही नव्हतं. "ते खोकं तुम्ही माझ्यापायी केलंय हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. त्या मुठी काय तुमच्यासाठी लावल्या व्हय? मला घडीघडीला मुतायला लागतं, अन् मला माझ्या आईला भेटायचंय. लाजायचं वय ऱ्हायलंय का आता माझं? आई पडली तिकडं, अन् हितं हे वीत मोजत बसलेत!"

काका उठले, चष्मा चढवला आणि प्लॉटवर जाऊन कटर सुरू केलं. ठिणग्यांचा पाऊस उडाला. दांडा खणकन खाली पडला तेव्हा त्यांनी स्वतःच आरोळी ठोकली, "जॉब रिजेक्ट!" आणि मोठ्यानं हसले. समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ते चष्म्याखालून डोळे पुसत होते, हे फक्त मी बघितलं.

संध्याकाळच्या आत आम्ही शहागंजात हजर. चाचा हसले नाहीत, टोमणा मारला नाही. "मालूम था, आप आओगे," एवढंच म्हणाले, आणि आरशाशी वाकून जीपला निरोपाचं काहीतरी सांगून किल्ली काकांच्या हातात ठेवली. पुढं कागदपत्रांपायी चपला झिजल्या, ती वेगळी रड आहे, ती इथं सांगत बसत नाही. माई तोवर काठी धरून उठबस करायला लागली होती, पण आवाज बारीक झाला होता. काकूला दिवस ढकलवत नव्हते.

शेवटी निघालो. मी चालवायला, शेजारी काका, मागं काकू नवी साडी नेसून. ओढगाडी मागं घेताना उलटीकडेच वळते, हे मी बायकांना कधी शिकवलेलंच नाही, कारण मलाच ते येत नव्हतं. त्यामुळे गल्लीतून बाहेर निघायला अख्खी गल्ली लागली. "डावीकडं!" "नाय नाय, उजवीकडं!" "बाई, तुळशीवृंदावन!" काकांनी तिथंच कायदा केला. "रिव्हर्स घ्यायचाच नाय. सरळ जायचं, अन् गोल फिरून यायचं."

दौलताबादच्या दरवाज्यातून डबा काढताना ते पुढं चालत होते, एक डोळा या भिंतीवर, एक त्या भिंतीवर, आणि मागं गाड्यांचे भोंगे. "वाजवा, वाजवा," ते म्हणाले, "वरात म्हणल्यावर वाजंत्री पायजेच." घाटात जीप जरा दमली, तर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थोपटायला सुरुवात केली. "चल गं माझी बाय! चल गं लेकी!" आणि चढली की हो! काकू खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पीत होती, पदर उडत होता, आणि प्रत्येक वळणावर ती "अगं बाई, अगं बाई" म्हणून खिदळत होती. तिला इतकी वर्षं हुकलेला सगळा रस्ता एकदम मिळाला होता.

मध्ये मध्ये ती म्हणायची, "थांबा." मी थांबवायचे. काका उतरून डब्याचं दार उघडायचे, पायरी खाली सोडायचे, काकूला हात द्यायचे आणि मग हाताची घडी घालून, पाठ फिरवून पहाऱ्याला उभे राहायचे. खुलताबादेजवळ त्यांना बघून दोन मोटारसायकली थांबल्या. "काका, मिसळ हाय का?" "नाय." "मंग काय मिळतं?" काका मान ताठ करून म्हणाले, "इथं फकस्त मालकिणीची सोय हाय." आतून काकूचं हसणं ऐकू आलं. ती माणसं गोंधळून निघून गेली.

गावात शिरलो तेव्हा दुपार कलत होती. माई अंगणात खाटेवर बसली होती, पायाला पट्टी, शेजारी काठी. आमचं ते धूड बघून शेळ्या उधळल्या. काकू गाडी थांबायच्या आधीच दार उघडायला लागली. गुडघे विसरून ती अंगणातून जवळजवळ पळत गेली आणि माईच्या मांडीत तिनं तोंड खुपसलं. दोघी किती वेळ रडल्या, मी मोजलं नाही. मीही रडत होते. मग माईनं तिचं तोंड दोन्ही हातांनी वर केलं.

"इतकी वर्षं का आली नायस गं? अन् तुळशीचं सांगू नको मला. तुळस माझ्या दारी बी हाय."

काकूनं डोळे पुसले. आणि सांगून टाकलं. ऑपरेशन, एसटी, भिजलेली साडी, मागं हसलेलं माणूस, सगळं. लेकीच्या तोंडाकडे माई बघत राहिली. बघता बघता तिचा खालचा ओठ थरथरला, मला वाटलं आता पुन्हा रडणार, आणि म्हातारी एकदम खो खो हसायलाच लागली.

"अगं बये! मंग मी का आले नाय तुझ्याकडं? शेरडं? शेरडं शेजारची रखमा बघती की! मला बी त्येच हाय! तुझ्या आधीपासनं! मी म्हणलं, लेकीच्या दारात जाऊन शोभा कशाला?"

"माई! अन् रोज फोनवर मला शेळ्यांची कौतुकं सांगत होतीस?"

"अन् तू तुळशीची!"

दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. एक थांबली की दुसरी सुरू. आणि तसलं हसणं त्या दोघींना परवडणारं नव्हतंच. काकूनं एका हातानं खाट धरली आणि ओरडली, "अहो! दार उघडा! लवकर!" काका धावले. मी आणि काकूनं माईला दोन्हीकडून उचललं, हसत, ठेचकाळत, शेळ्या चुकवत, आणि आधी तिला आत घातलं. मग बाहेर काकू एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, "आटप गं माई, आटप!"

माई बाहेर आली ती मुठी धरून, हळूहळू, आणि डब्याच्या पायरीवरच बसली. आता एक सांगायला हवं. लग्नापासून त्या दिवसापर्यंत माई जावयाशी समोरासमोर कधी बोलली नव्हती. जुनी रीत. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे बघून, नाहीतर लेकीला, "त्यांना म्हणावं, जेवून घ्या." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आत एकदा वळून बघितलं, त्या पांढऱ्याशुभ्र भांड्याकडे, खिडकीच्या जाळीकडे, कडीकडे. मग मान वर करून तिनं सरळ काकांच्या डोळ्यांत बघितलं.

"बापू," ती म्हणाली, "मला बी ने."

काका तिच्यासमोर खाली बसले, तिचा पट्टीचा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून पायरीवरून जमिनीवर ठेवला, आणि म्हणाले, "लुगडी बांधा, माई. गाडी उभीच हाय."